रविवारची बोडनझे (कॉन्स्टान्झ सरोवर) सायकल सहल : आठवण

मंडळी, येत्या रविवारी सकाळी ९ ला जर्मनीतल्या कॉन्स्टान्झच्या श्टाड फेरी धक्क्यावर जमू. फेरी सायकलींसकट पंधरा मिनिटांत मेअर्सबुर्गला सोडते. पुढे द्राक्षमळ्यांच्या पायथ्याने, तळ्याकाठून उंटरउल्डिंगन गावापर्यंत सायकलने. रस्ता बहुतेक सपाट, मुलांनाही जमेल. शर्यत लावायची नाही! तिथे पाण्यातल्या खांबांवर उभारलेल्या अश्मयुगीन घरांच्या प्रतिकृती बघायच्या, मग डबे उघडायचे.

तिथून थेट बोटीने कॉन्स्टान्झला परतायचा मोह होईल. पण त्या बोटीत जागा असेल तरच सायकली घेतात. म्हणून सायकलने मागे येऊन मेअर्सबुर्गहूनच फेरी पकडू.

स्वित्झर्लंडहून येणाऱ्यांनी पासपोर्ट आणि तिथलं राहण्याचं परमिट जवळ ठेवा. ब्रेक, हवा घरीच तपासा. आणि थालीपीठं कोण आणतंय ते शुक्रवारपर्यंत कळवा, गेल्या खेपेस सगळ्यांनी चिवडाच आणला होता.