तिघऱ्याच्या पाण्यात पाठ फिरवून उभे राहिलेल्या भाऊंना

भाऊ,

तुमचं नाव विचारायचं राहिलं नाही, विचारलं होतं. "सगळे भैयाच म्हणतात" म्हणून तुम्ही हसून टाळलंत. म्हणून हे पत्र असं उघड्यावर. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एकाने वाचलं की जीवाजीगंज मोहल्ल्यापर्यंत आपोआप पोचतंच, तुमच्यापर्यंतही पोचेल.

मी ती हिरव्या सलवार-कमीजमधली बाई. वय चौपन्न, गुडघे त्याहून मोठे. मागच्या रविवारी तिघरा धरणावर तुमच्या कॅनोतून, म्हणजे त्या उघड्या, वल्हवायच्या अरुंद नावेतून, धपकन पाण्यात पडले, ती. शहराला पिण्याचं पाणी तिथूनच येतं, त्यामुळे त्या संध्याकाळी लष्करकरांनी उकळून प्यायलं असेल तर बरं.

लेकाने पाठवलेली कयाक, म्हणजे हवा भरून फुगवायची छोटी नाव, घेऊन आम्ही आलो होतो. भाचा पंप मारून घामाघूम झालेला, आणि मी नेहमीसारखी सूचना देत उभी. "अजून भर, ढिली दिसतेय!" तेव्हा मागून आवाज आला, "मावशी, थोडी जागा ठेवा. उन्हात आतली हवा फुगते, शिवणीवर ताण येतो." त्याआधी तुम्ही गाडीवाल्याशी इतकं अस्सल इकडचं हिंदी बोलत होतात की तुम्ही आपल्यातले असाल हे डोक्यातही आलं नव्हतं. ग्वाल्हेरात हे असंच होतं. मराठी माणूस सापडतो तो कुणी कुणावर ओरडलं की.

तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरातल्या तलावावर मी पैसे भरून नाव वल्हवायला शिकायचा हाच हट्ट केला होता. शहर सांगत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. लाइफ जॅकेटचं बक्कल तुटलेलं, सुतळीने बांधून दिलं. शिकवणारा मुलगा काठावरूनच "आंटी, आप से नहीं होगा" म्हणाला, आणि झालंही नाही. मी उलटले, तर दोघं मोबाइल काढून उभे राहिले. हात कुणी दिला असेल तर तो पलीकडच्या भेळवाल्याने. त्या दिवसाचं व्हिडिओ कुणाकुणाच्या फोनमध्ये आहे कोण जाणे. मी घरी आल्यावर दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते, हे आज पहिल्यांदाच लिहितेय.

तुम्ही आधी माझं जॅकेट बघितलंत. खांद्यावरचे पट्टे धरून वर ओढायचे, जॅकेट कानापर्यंत आलं तर ढिलं. पण ते ओढायला तुम्ही भाच्याला सांगितलंत, स्वतः हात लावला नाहीत. ते माझ्या रात्री झोपताना लक्षात आलं.

मग हवेच्या कयाकमध्ये बसवलंत. पाय पुढे पसरून, बूड जवळजवळ पाण्याच्या पातळीला, हातात दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं. डगमग नाही, घरच्या गादीवर बसल्यासारखं. पण सरळ जाईल तर शपथ! गोल गोल फिरतेय आणि वारा आडवा ढकलतोय. तुम्ही पिशवी उलटी केलीत आणि तळाला लावायचं ते पंखासारखं स्केग काढलंत, जे आम्ही पंपाचा सुटा भाग समजून बाजूला ठेवलं होतं. ते लावल्यावर नाव शहाण्यासारखी चालायला लागली. वल्ह्यावरून ओघळणारं पाणी मांडीवर येऊन सलवार भिजली ती वेगळीच.

आणि मग तुमची ती जुनी फायबरची कॅनो. तिच्यात गुडघे टेकून बसायचं, एकाच पात्याचं वल्हं, आणि एकाच बाजूने मारायचं. उजवीकडे मारलं की नाक डावीकडे. "ओढून झालं की शेवटी पातं किंचित बाहेर वळवा, मावशी, दार लोटल्यासारखं." चौथ्या-पाचव्या वेळी ते जमलं आणि कॅनो एका रेषेत गेली. दहा-पंधरा हात गेली असेल. तसं त्या रबरी गादीत एकदाही वाटलं नव्हतं. कयाक आपल्याला सांभाळून घेते. कॅनोला आपण सांभाळायचं असतं, आणि मी नेमकी भाच्याला "फोटो काढलास का रे" विचारायला वळले.

पाणी छातीइतकंच होतं, पण खाली गाळ. एक चप्पल गेली ती गेलीच. कपडे अंगाला चिकटलेले, केस तोंडावर. आणि काठावर पाच-सहा जण उभे राहिलेले मला दिसले. माझ्या पोटात गोळा आला, तो बुडण्याचा नव्हता.

तुम्ही कयाक माझ्याजवळ ओढून आणलीत, "गाळात चालू नका, यावर पोट टेका आणि पाय मारा" एवढं सांगितलंत आणि वळलात. माझ्याकडे पाठ केलीत. हात मागे नेऊन कयाकची कड दोन्ही मुठींत घट्ट धरलीत, आणि काठाकडे तोंड करून एकच वाक्य म्हणालात: "मोबाइल नीचे करो भाई." आवाज चढवला नाहीत. ते फोन खाली गेले.

मग, पाठ तशीच, तुम्ही मला विचारलंत, "मावशी, हे धरण कुठल्या सालचं हो?"

मी पोटावर आडवी, मासा फडफडावा तशी, आणि उत्तर देतेय! "एकोणीसशे सोळा. विश्वेश्वरय्यांनी... थांबा, घसरले... खडकवासल्याला १९०३ साली आपोआप उघडणारे दरवाजे केले ना, तसेच इथेही." वडील दर सहलीला हे सांगायचे. तिसऱ्या प्रयत्नात मी वर आले, तोवर १९१७ साली हे धरण फुटलं होतं इथपर्यंत माझी गाडी पोचली होती. तुम्ही "अस्सं" म्हणालात, आणि मी नीट बसून कमीज सारखी केल्यावर, "बसले" म्हटल्यावरच मागे वळलात. तुम्हाला ते साल ठाऊक होतं की नव्हतं, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

वडिलांच्या शेवटच्या आजारात एक वॉर्डबॉय होता. त्यांची चादर बदलताना तो खिडकीबाहेर बघायचा आणि क्रिकेटचा स्कोअर सांगत राहायचा. वडिलांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नसे, पण ते त्याची वाट बघायचे. इतक्या वर्षांनी मला तो आठवला, ते तुमच्यामुळे. असं वागायला कुठे शिकवतात? शिकवत असतील तर त्या दुसऱ्या शहरातल्या दोघांना पाठवायला हवं, फी मी भरते.

घरी सगळ्यांनी विचारलं, "हे कयाक म्हणजे काय गं?" आपल्याच ग्वाल्हेरच्या प्राची यादवने २०२३ मध्ये हांगझोउच्या आशियाई पॅरा स्पर्धेत कयाकमध्ये सुवर्ण आणलं, आणि आपल्या घरात हा प्रश्न! मी त्यांना कयाक आणि कॅनोमधला फरक इतका सविस्तर समजावला की आमटी लागली.

कयाक आता धुऊन, गच्चीवर सावलीत वाळवून घडी घातली आहे. तुम्ही म्हणाला होतात तसं, ओली ठेवली तर बुरशी धरते. शिकायची मात्र मला कॅनोच आहे. गुडघ्यांखाली घालायला जुनी उशी उसवून गादी शिवतेय.

आणि तुमचा गमछा माझ्याकडेच राहिला. भाच्याच्या हाती तुम्ही पाठवला होतात, माझ्याकडे न बघता. पांढरा, निळ्या काठाचा, एका कोपऱ्याला विडीने जळल्यासारखं भोक आहे. इस्त्री करून ठेवलाय. पुढच्या रविवारी सकाळी घेऊन येते. भोक कशाने पडलं ते बरोबर सांगितलंत तरच मिळेल.

तुमची,
हिरव्या कमीजवाली मावशी