आयसी ‘गेला’ म्हणण्याआधी

महोदय,

जुना रेडिओ, टेप किंवा गाडीतला स्टिरिओ मुका झाला की पहिला संशय आवाजाच्या आयसीवर, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या चिपवर. तपासणी कसली, तर मल्टिमीटर बीपवर लावून पायांना टोचायचं. याने साफ जळालेला आयसी तेवढा सापडतो. ७४१ या साध्या ऑप-अँप आयसीच्या (छोटा सिग्नल मोठा करणाऱ्या चिपच्या) पोटातही वीसेक ट्रान्झिस्टर एकमेकांत गुंतलेले असतात. ते सिग्नल मोठा करतात की नाही, हे बाहेरून ओहम मोजून कसं कळणार? आयसीला सप्लाय देऊनच तो तपासावा लागतो, आणि त्यासाठी ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र) लागतोच असं नाही.

छोट्या स्पीकरसाठीचा एलएम ३८६ हा आवाजाचा आयसी घ्या. आठ पायांच्या बेसमध्ये बसवा. ९ व्होल्ट बॅटरीचा प्लस सहाव्या पायाला, पण मध्ये १०० ओहम, १ वॉटचा रेझिस्टन्स. चौथा पाय ग्राउंड, म्हणजे बॅटरीचा मायनस, दुसरा-तिसरा इनपुटही तूर्त ग्राउंडलाच. सहाव्या आणि चौथ्या पायांमध्ये, अगदी आयसीला चिकटून, ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. पाचव्या पायावरून १० ओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये ग्राउंडला. ही शेवटची जोडी लोक गाळतात. मग आयसी कानाला ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर ऑसिलेट होतो, तापतो आणि चांगला असून कचऱ्यात जातो.

आता १०० ओहमच्या दोन टोकांवर मीटर धरा. चांगला ३८६ निवांत (सिग्नल नसताना) ४ मिलिअँपिअरच्या आसपास घेतो, म्हणजे ०.४ व्होल्ट दिसले पाहिजेत, ०.८ पर्यंत चालवून घ्यावं. पाच-सात व्होल्ट दिसले तर आत शॉर्ट आहे. काहीच दिसलं नाही, तर आधी बेसचा कॉन्टॅक्ट बघा. जुन्या आयसीचे पाय काळे पडलेले असतात, खोडरबराने घासले की काम होतं. मग पाचवा पाय मोजा. तिथे सप्लायच्या निम्मे, म्हणजे ४.३ च्या जवळपास व्होल्ट हवेत. ते शून्याला किंवा सप्लायला जाऊन चिकटले असतील तर आयसी गेला. बरोबर असतील तर पाचव्या पायाला २२० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून स्पीकर जोडा, तिसरा पाय ग्राउंडवरून सोडवा आणि त्याला बोट लावा. घुमल्यासारखा आवाज यायला हवा. मात्र ही बोटाची युक्ती बॅटरीवरच. घरच्या विजेवर चालणाऱ्या सेटमध्ये ती जिवावर बेतू शकते.

निम्म्या व्होल्टेजचा हा नियम टीबीए ८१० आणि एलए ४४४० या आवाजाच्या मोठ्या आयसींनाही लागू आहे, म्हणून आयसी उपटण्याआधी बोर्डवरच मोजावं. डीसोल्डर करताना, म्हणजे सोल्डर वितळवून काढताना, मेलेले आयसी कमी नाहीत. शिवाय दोष बहुतेक वेळा शेजारच्या कंडेन्सरचा असतो. ३८६ च्या सातव्या पायावरचा कंडेन्सर लीक झाला की आउटपुट निम्म्याच्या खाली घसरतं आणि आळ येतो आयसीवर. ४४४० निवांत असतानाच १०० मिलिअँपिअरच्या आसपास घेतो, तिथे १०० ओहम चालणार नाहीत. सप्लायमध्ये गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब सिरीज लावा. चालू करताना बल्ब क्षणभर चमकून विझला तर ठीक, तो मोठ्या कंडेन्सरचा चार्ज होता. तसाच जळत राहिला तर बंद करा. टीडीए २०३० हा आवाजाचा आयसी प्लस-मायनस सप्लायवर असेल तर आउटपुट शून्य हवं. त्याची पत्र्याची पाठ मायनसला जोडलेली असते, हे विसरून हीटसिंक ग्राउंडला कसला की शॉर्ट झालाच.

७४१ साठी दोन ९ व्होल्ट बॅटऱ्या लागतात: सातवा पाय प्लस, चौथा मायनस, दोन्ही बॅटऱ्यांचा मधला जोड ग्राउंड. तिसरा पाय ग्राउंडला, दुसऱ्यापासून १ किलोओहम ग्राउंडला आणि १०० किलोओहम सहाव्याला. सहाव्या पायावर जे दिसेल ते आयसीच्या ऑफसेटच्या (दोन इनपुटमधल्या आतल्या फरकाच्या) १०१ पट. ०.१ व्होल्ट म्हणजे १ मिलिव्होल्ट, उत्तम, ०.६ पर्यंत मान्य. एलईडी लुकलुकवणाऱ्या तयार टेस्टरवर ऑफसेट बिघडलेला आयसीही आरामात पास होतो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ‘जुना ओरिजिनल’ ७४१ घेतला असेल तर आणखी एक बघावं. सहावा पाय दुसऱ्याला थेट जोडून तिसऱ्यावर १० किलोहर्ट्झची, १० व्होल्ट पीक-टू-पीक (तळापासून माथ्यापर्यंत) स्क्वेअर वेव्ह, म्हणजे चौकोनी सिग्नल, द्या. ७४१ मायक्रोसेकंदाला अर्धाच व्होल्ट चढतो, त्यामुळे कडा २० मायक्रोसेकंद तिरक्या दिसल्या पाहिजेत. इथे मात्र स्कोप हवाच. कडा ताठ उभ्या दिसल्या तर आत दुसराच आयसी आहे आणि नाव वरून छापलेलं.

पास झालेल्या आयसीवर नेलपॉलिशचा ठिपका द्यावा. ते जुन्या काळ्या फोममध्ये खोचून ठेवू नयेत. तो फोम कालांतराने चिकट होऊन पाय खातो. थर्माकोलवर ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळून त्यात खोचलेले बरे.

— इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीतला एक वाचक, पुणे