बोली म्हणजे विनोद नव्हे

मराठी विनोदी चित्रपटांवरील आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. ‘ग्रामीण बोली आली की हशा हमखास’ हे त्यातले मत मात्र पटले नाही.

परवाच परभणीत एक नवा चित्रपट पाहिला. त्यात नायकाचा गावाकडचा मित्र वाक्यागणिक ‘कामून’ (म्हणजे ‘का’) म्हणतो. चित्रपटाच्या लेखकाच्या लेखी तेवढ्यात विनोद झाला. शेजारचे आजोबा मध्यंतरापर्यंत गप्प होते. मग म्हणाले, “आपुन तर रोजच असं बोलतो की, यात हसायचं कामून?” आमच्या रांगेत पिकलेला पहिला हशा तो!

प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री नाट्यप्रयोगात एकट्याने ५२ पात्रे उभी केली, तीही मराठवाड्याच्या बोलीत. तिथे हसू यायचे ते माणसांच्या तऱ्हांचे, त्यांच्या लगबगीचे आणि रुसव्याफुगव्यांचे. मकरंद अनासपुरे यांनाही इथले लोक आपले मानतात, ते निव्वळ हेल काढतात म्हणून नव्हे. त्यांचे पात्र बेरकी असते, समोरच्याला पुरून उरते. आताच्या चित्रपटांत आमची बोली येते ती बहुधा नोकराच्या नाहीतर बावळटाच्या तोंडी. नायिकेच्या तोंडी ती शेवटची कधी ऐकली, मला तरी आठवत नाही.

– एक प्रेक्षक, परभणी