तुझ्या एकटीच्या नावाने

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वन्संचं मूल तू पोटात वाढवणार आहेस, असं जावईबापूंनी परवा फोनवर सांगितलं. तू स्वतः काहीच बोलली नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या एकटीच्या नावाने धाडते आहे.

गर्भाशय काढावं लागल्यापासूनचं वन्संचं दुःख मी पाहिलंय. त्यांची ओटी भरावी असं मलाही मनापासून वाटतं. पण २०२१चा सरोगसीचा, म्हणजे दुसऱ्यांचं मूल पोटात वाढवण्याचा, कायदा मी नीट वाचला, आणि त्यातली एक गोष्ट तुला ठाऊक हवी. दिलेली संमती तुला मागे घेता येते ती फक्त गर्भ तुझ्या गर्भाशयात सोडेपर्यंत. मूल कोणाचं आणि ताबा कोणाकडे, याचा मॅजिस्ट्रेटचा आदेश तर त्याच्याही आधी निघतो, आणि त्या अर्जावर वन्सं व त्यांच्या यजमानांबरोबर तुझीही सही असते. स्त्रीबीज तुझं चालत नाही. जन्मल्या क्षणापासून बाळ कायद्याने त्यांचं.

इंग्लंडमध्ये जन्म देणारीच कायद्याने आई असते. बाळ ६ आठवड्यांचं होण्याआधी आईपण सोडायला तिने दिलेली संमती न्यायालय धरत नाही. बाळंतिणीचं मन त्या कायद्याने ओळखलंय. आपल्याकडे मात्र बाळ अधांतरी राहू नये याची काळजी आधी घेतली. तेही मला पटतं. २००८ साली गुजरातेत आणंदला जपानी जोडप्याचं बाळ सरोगसीने जन्मलं, तोवर आईबाप विभक्त झालेले. त्या तान्हीसाठी तिच्या आजीला आपल्या सर्वोच्च न्यायालयात यावं लागलं होतं.

आता सरोगसीसाठी मोबदला देता येत नाही. उपचारांचा आणि ठरवून दिलेला खर्च, आणि ३६ महिन्यांचा विमा, एवढंच. मग बाई घरातलीच बघितली जाते. पैशाचं आमिष कायद्याने बंद केलं, पण सासरच्या शब्दाचं ओझं त्याला कसं कळणार? ज्या घरात रोज पंगतीला बसायचं तिथे नाही म्हणायला फार बळ लागतं गं.

डॉक्टरांना सांग, मला मराठीतून समजावा, आणि तेव्हा खोलीत घरचं कोणी नको. सगळे दुष्परिणाम तुला कळेल अशा भाषेत सांगणं त्यांना बंधनकारक आहे. तुझं सिझर झालंय, त्याबद्दल आवर्जून विचार. आणि पुढे काहीही झालं तरी गर्भपाताची सक्ती तुझ्यावर कोणी करू शकत नाही. तो तुझ्या लेखी संमतीशिवाय होत नाही.

होकार खरंच तुझा असेल, तर छोट्याला सांभाळायला मी येऊन राहीन. बाळंतपणही मीच करीन. बाळ दुसऱ्या घरी गेलं तरी दूध तुला येणारच. नकार असेल, तर विहीणबाईंशी मी बोलेन. तुला एक शब्दही बोलावा लागणार नाही.

ट्रान्सफरची, म्हणजे गर्भ आत सोडायची, तारीख ठरायच्या आत मला फोन कर.

तुझी,
आई