मुलांचा आवाज बसतो तो बसमध्ये

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी संपली की नाशिकच्या ख्रिस्ती मंडळ्यांमधले, म्हणजे चर्चच्या सभासदांमधले, लहान मुलांचे गायकवृंद नाताळच्या दौऱ्याच्या तयारीला लागतात. शुक्रवारी शाळा सुटल्यावर बस निघते आणि संगमनेर, अहिल्यानगर, श्रीरामपूर करत रविवारी परत येते. तिकडचे गटही असेच आपल्याकडे येतात. तारखा सध्या ठरत आहेत, म्हणून आमंत्रण देणाऱ्या मंडळ्या, पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) आणि पालकांसाठी हे पत्र. गाणी कोणती बसवायची ते प्रत्येक गायनशिक्षकाला कळते. दौरा फसतो तो गाण्याबाहेरच्या तेवीस तासांत.

पहिल्या संध्याकाळी खणखणीत गाणारी मुले दुसऱ्या संध्याकाळी घोगरी होतात आणि खापर थंडीवर किंवा कुणीतरी दिलेल्या आइस्क्रीमवर फुटते. बहुतेक वेळा दोष अंताक्षरीचा असतो. इंजिनाची घरघर आणि उघड्या खिडक्यांचा वारा यांत माणूस नकळत आवाज चढवतो, मुले तर ओरडतातच. नाशिक ते संगमनेर हे जेमतेम ७० किलोमीटरचे अंतर, पण तेवढ्यात गळ्याला अख्ख्या कार्यक्रमापेक्षा जास्त ताण पडतो. त्यामुळे बस चालू असताना गाणे नाही, सरावही नाही, आणि बोलायचे ते शेजारच्याशीच, हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा. पत्ते, कोडी, झोप, काहीही चालेल. दर दीड तासाला बस थांबवून मुलांना दहा मिनिटे पळू द्यावे, म्हणजे आत दंगा कमी होतो. खाऊ म्हणून केळी आणि बिस्किटे बरी. नाशिकचा चिवडा कितीही लाडका असला तरी चालत्या गाडीत त्याचा कोरडा कण घशात गेला की ठसका लागतो आणि तिखटाने घसा खवखवतो तो निराळाच. पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी, तिच्यावर नाव चिकटपट्टीने. बसमध्ये २० लिटरचे दोन जार ठेवले की २४ मुलांचा दिवस निघतो.

हा २४ चा आकडा उगाच नाही. व्हिएन्नाच्या मुलांच्या प्रसिद्ध गायकवृंदात सुमारे १०० मुले आहेत, पण ती चार तुकड्यांत दौरे करतात आणि एकेका तुकडीत पंचविसाच्या आसपास मुले असतात. आपल्याकडेही हेच जमते. आठ-आठच्या तीन रांगा होतात, ३५ आसनी बसमध्ये मुले, चार मोठी माणसे, पेटी-तबलावाले आणि सामान मावते आणि सहा मुलांमागे एक मोठे माणूस पडते. चारांत दोन बाया हव्यातच. ‘आमचाही मुलगा घ्या’ या आग्रहाने आकडा ४० वर गेला की दोन गाड्या लागतात, यजमानांची घरे पुरत नाहीत आणि मागच्या रांगेतली मुले नुसती ओठ हलवतात.

बस ठरवताना परवाना, फिटनेस, विमा हे कागद तर पाहावेतच, पण मागचे आणीबाणीचे दार स्वतः ढकलून उघडून पाहावे. पुष्कळदा ते गंजलेले असते, नाहीतर त्याला लागून जादा सीट ठोकलेली असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये नाशिकमध्येच, छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर पहाटे खासगी बसने पेट घेतला आणि १२ जणांचा जीव गेला. त्या अपघाताची कारणे वेगळी असतील, पण आपण काय करू शकतो ते साधे आहे: मुलांना घेऊन रात्रीचा प्रवास करायचा नाही आणि मधल्या वाटेत सामान ठेवायचे नाही. दौऱ्याच्या बसमध्ये वाटेत हमखास काय असते? पेटी आणि तबल्याच्या पिशव्या.

पेटीची खरी जागा पुढच्या किंवा मधल्या सीटखाली. मागच्या चाकांवर दणके बसून सूर हलतात, टपावर धूळ आणि दव. भाता मिटून, त्याच्या कड्या लावून, पेटी तिच्या लाकडी खोक्यात आडवीच ठेवावी; उभी ठेवली की पट्ट्या अडकतात आणि ऐन गाण्यात एखादा सूर सोडला तरी वाजतच राहतो. तबल्याची पुडी (वरचे कातडे) दिवसाच्या उन्हात, बंद बसमध्ये ताणली जाऊन चढते आणि संध्याकाळी मोकळ्या मांडवात दवाने उतरते. दुपारी लावलेला तबला सातला जुळेल या भरवशावर राहू नये, हातोडी मंचावरच हवी. कीबोर्ड असेल तर जास्तीचा अडॅप्टर आणि १५ मीटरची एक्स्टेन्शन वायर बरोबर. आणि प्रत्येक गाण्याआधी ट्रान्सपोजचे (पट्टी चढवण्या-उतरवण्याचे) बटण शून्यावर आहे ना, ते पाहावे. आधीच्या गाण्यासाठी दोन घरे चढवलेली पट्टी उतरवायची राहून जाते, पुढचे गाणे तसेच सुरू होते आणि वरच्या ओळीला सगळ्यांचा आवाज चिरकतो. श्रोत्यांना वाटते, मुले कच्ची आहेत.

पट्टीचा दुसरा घोळ पेटीवाल्याचा. तो आपल्या गळ्याच्या सोयीने सा धरतो. मग मुलांचे खालचे स्वर पोकळ लागतात किंवा वर गेले की किंचाळावे लागते. ९ ते १२ वर्षांच्या मुलांना साधारणपणे पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून (पाश्चात्त्य C) वरच्या सप्तकातल्या पांढरी तीनपर्यंतचा (E) टप्पा सोयीचा असतो. गाण्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर या टप्प्यात बसेल असा सा निवडावा आणि वहीत गाण्याच्या नावासमोर लिहून ठेवावा. दौऱ्यात पेटीवाला बदलला तरी पट्टी बदलत नाही. आवाज फुटू लागलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना घरी बसवू नये. खालची सोपी ओळ द्यावी, नाहीतर टाळ-खंजिरी आणि वायरींची जबाबदारी द्यावी. ती पोरे फार कामाची असतात.

चालींचाही एक प्रश्न आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने कुठेही गेले तरी वडीलधाऱ्यांना हवीच असतात, पण एकाच भजनाची चाल गावोगाव वेगळी. मुले आपल्या चालीत सुरू करतात, समोरचे चारशे लोक आपल्या चालीत आणि अर्ध्या लयीत साथ देतात, दुसऱ्या कडव्याला सगळी गाडी घसरते. आठवडाभर आधी यजमान मंडळीला चालीचे ध्वनिमुद्रण फोनवर पाठवावे. तेही जमले नाही तर लोकांनी फक्त ध्रुवपदाला साथ द्यावी, असे आधीच जाहीर करावे.

साऊंडवाल्याशी बोलणे दुपारीच उरकावे. त्याला भाषणाची आणि ऑर्केस्ट्राची सवय असते, त्यामुळे तो पुढच्या चार मुलांच्या तोंडाशी चार माईक लावतो आणि वर एको सोडतो. मग चारच आवाज ऐकू येतात आणि शब्द एकमेकांत कालवले जातात. पहिल्या रांगेपासून १ मीटर पुढे, एकमेकांपासून ३ मीटरवर दोनच माईक उभे करावेत, पुढच्या रांगेच्या डोक्यापेक्षा उंच आणि मागच्या रांगेकडे तोंड करून. माईक जवळ आणून संख्या वाढवली की एकाच आवाजाचे पडसाद एकमेकांना खातात. एको पूर्ण बंद. स्पीकर माईकच्या पुढे, लोकांच्या बाजूला. मागे राहिले तर शिट्टी मारतात. पेटीला वेगळा माईक, तोही गाण्यापेक्षा खाली. दगडी, उंच छताच्या जुन्या चर्चमध्ये तर माईकची गरजच नसते, फक्त पंखे बंद ठेवावेत.

आता वेळेचे, आणि इथे आम्हाला थोडे कडक बोलायचे आहे. सातचा म्हणून छापलेला कार्यक्रम सव्वाआठला सुरू होतो. आधी स्वागत, मग प्रास्ताविक, मग मान्यवरांना शाल-श्रीफळ, मग मान्यवरांचे ‘दोन शब्द’. मुले पावणेसातपासून गणवेश घालून विंगेत उभी. गळा तयार करण्याचा दहा मिनिटांचा सराव केव्हाच थंडावलेला. साडेनऊला ती गातात तेव्हा नऊ वर्षांच्या मुलाची झोपेची वेळ होऊन गेलेली असते आणि दहाला लाऊडस्पीकर बंद करण्याचा कायदा डोक्यावर असतो, म्हणून शेवटची तीन गाणी घाईत. विनंती अशी की साडेसहाला पहिले गाणे, एकूण १२ ते १४ गाणी, मध्ये वाचन आणि छोटा संदेश धरून ७० मिनिटे. सत्कार शेवटी, आणि मुलांना खाली बसवून. अर्पण, म्हणजे चर्चसाठी देणगी, घ्यायचेच असेल तर मुले विसाव्याला बसलेली असताना घ्यावे. बसच्या डिझेलचे काय, हे मात्र अर्पणाच्या थैलीवर न सोडता आमंत्रणाच्या पत्रातच ठरवावे.

जेवणाचेही असेच. पाहुणचाराच्या प्रेमापोटी पाच वाजता पुलाव, मटण, वर गुलाबजाम आणि थंडपेय येते. पोट तडस लागेपर्यंत भरले की श्वास खोल जात नाही आणि तिखट-तेलकटाने घशाशी येते. कार्यक्रमाच्या दोन तास आधी वरण-भात, पोळी-भाजी, एखादे केळे. प्रीतिभोजन कार्यक्रमानंतर, तेव्हा मुले ताटावर तुटून पडतात. पण उपाशी उभे करणेही तितकेच वाईट. मागच्या रांगेतले मूल कोसळते त्यामागे बहुतेक वेळा रिकामे पोट, दिव्यांची उष्णता आणि ताठ आवळलेले गुडघे ही तीन कारणे एकत्र असतात. गुडघे किंचित सैल ठेवायला सरावातच शिकवावे. चेहरा पांढरा पडणे, वरचेवर जांभया, कपाळावर घाम ही खूण. अशा मुलाला गाणे चालू असतानाच जागेवर खाली बसवावे, आडवे करून पाय उंच करावेत. मागची रांग शाळेच्या बाकांवर उभी करायची असेल तर बाक भिंतीला टेकवलेले हवेत.

घाटातल्या उलट्यांवर एवढेच: गाडी लागणारी मुले दुसऱ्या ते चौथ्या रांगेत, नजर समोरच्या रस्त्यावर, हातात पिशवी. गोळी डॉक्टरांनी सांगितली असेल तरच आणि सांगितलेल्या मापानेच. तिने मूल पेंगते, त्या संध्याकाळी त्याच्याकडून एकट्याने गाऊन घेऊ नये.

मुक्काम हा सर्वांत नाजूक भाग. १९८४ साली युगांडातल्या मुलांना घेऊन सुरू झालेला आफ्रिकन चिल्ड्रन्स क्वायर असो की आपला तालुक्याचा गट, चर्चच्या कुटुंबांनी मुलांना घरी ठेवून घेणे हा या दौऱ्यांचा आधार आहे. पण एका घरी एकटे मूल कधीही नाही. किमान दोघे, दोन्ही मुली किंवा दोन्ही मुलगे. कोण कुठे, त्या घरचे नाव, पत्ता, फोन ही यादी दुपारीच दौऱ्याच्या प्रमुखाकडे आणि पाळकसाहेबांकडे हवी. रात्री दहाला ‘आमच्याकडे द्या ना एक’ म्हणत कुणी मोटारसायकल घेऊन आले तर ठाम नकार द्यावा, ओळखीचे असले तरी. कोणत्याही मोठ्या माणसाने मुलाबरोबर बंद दाराआड एकटे राहायचे नाही, यात आपले कार्यकर्तेही आले. मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे आणि अशा प्रकाराची माहिती असून ती न देणे हाही त्यात गुन्हा आहे. १०९८ हा मदतीचा क्रमांक मुलांना पाठ हवा.

घरे पुरत नसतील तर सगळ्यांना हॉलमध्ये झोपवणे उत्तम, पण डिसेंबरात निफाडपट्ट्यातला पारा किती उतरतो ते आपण जाणतो. फरशीवर नुसती सतरंजी घातली की सकाळी अर्धे नाक चोंदलेले. खाली गाद्या, त्या नसतील तर सतरंजीखाली वर्तमानपत्रांचा जाड थर. कानटोपी, मोजे, आणि नऊ तास झोप. लहानांपैकी एखादा अंथरूण ओले करतोच. प्लास्टिकची चादर आणि जास्तीची चड्डी एका ताईच्या पिशवीत असावी, सकाळी गाजावाजा न होता बदलले जावे.

पालकांची लेखी संमती, दमा, फिट, ॲलर्जी, चालू औषधे आणि रक्तगट लिहिलेला एकपानी तक्ता प्रत्येक मुलाचा हवा, दोन प्रतींत आणि दोन वेगवेगळ्या पिशव्यांत. एक पिशवी बसमध्ये राहून जाते, हे ठरलेलेच. दम्याचा पंप मात्र मुलाच्या खिशात किंवा त्याच्या गटाच्या ताईकडे. डिकीत ठेवलेला पंप घाटात उपयोगाचा नाही.

शेवटी चालकाविषयी. मुलांच्या गाद्या मोजल्या जातात, त्याची मोजली जात नाही. तो बसमध्येच, डासांत आणि थंडीत, सीटवर मान वाकडी करून पडतो आणि सकाळी नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे चुकवत आपली २४ मुले घेऊन निघतो. त्याला पंगतीत पहिल्या पानावर बसवावे, नऊला खोली आणि पलंग द्यावा. रविवारचा कार्यक्रम दुपारी दोनच्या आत आटोपून बस तीनला सोडावी, म्हणजे श्रीरामपूरहून अंधार पडून फार वेळ होण्याआधी नाशिक येते आणि सोमवारी मुले शाळेत असतात.

आपले,
बालगायकवृंदांच्या दौऱ्यांची व्यवस्था पाहणारे कार्यकर्ते,
शरणपूर रोड, नाशिक