आई-बाबा, तुळस आहे तिथेच राहू द्या

हाँगकाँग

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तुझा आवाज ऐकल्यापासून माझं मन कशात लागत नाही. सोसायटीत आलेल्या त्या फेंगशुई, म्हणजे चिनी वास्तुविद्येच्या, सल्लागारांनी तुला बरंच काही सांगून ठेवलंय. ईशान्येची तुळस चुकीच्या जागी आहे, बेडरूममधल्या झाडांमुळे बाबांचं ब्लडप्रेशर वाढलं, गॅलरीतली कोरफड काटेरी म्हणून घरात नको, आणि आग्नेयेला आठ काड्यांचा लकी बांबू हवाच, तोही त्यांच्याकडूनच घेतलेला. तेव्हापासून तू तुळशीला पाणी घालतानाही बिचकतेस, असं बाबा म्हणाले. फोनवर हे सगळं नीट बोलता येत नाही, म्हणून लिहिते. सावकाश वाचा.

आधी बाबांचं. बाबा, तुमचं ब्लडप्रेशर कुठल्याही झाडामुळे वाढलेलं नाही. झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतात हे खरं, पण दोन कुंड्या रात्रभरात सोडतात तो इतका थोडा असतो, की शेजारी झोपलेली आई त्याच्या कितीतरी पट जास्त सोडते. आणि तिला काही आपण बाहेर झोपवत नाही. बेडरूममध्ये झाड नको असं फेंगशुईत खरोखरच म्हणतात, पण कारण निराळं आहे. वाढणारं झाड म्हणजे हालतं, जागं चैतन्य आणि झोपायच्या खोलीत शांतता हवी, एवढाच त्यामागचा विचार. आजाराचा त्यात कुठे संबंध नाही. तुम्हाला त्या कुंड्या डोळ्यांसमोर आवडत असतील तर राहू द्या. गोळ्या मात्र वेळेवर घ्या.

आई, इथे राहून मला एक गोष्ट कळली. ज्या भूमीत हे शास्त्र वाढलं, तिथे त्यातलं बरंचसं हवामानातून आलेलं आहे. चीनमध्ये हिवाळ्याचे बोचरे वारे उत्तरेकडून येतात. म्हणून घराच्या पाठीशी, म्हणजे उत्तरेला डोंगर किंवा झाडी, आणि पुढे दक्षिणेला मोकळी जागा आणि पाणी, ही त्यांची आदर्श मांडणी. हाँगकाँगच्या न्यू टेरिटरीज भागातल्या जुन्या खेड्यांमागे अजूनही अशी राखलेली राने दिसतात. त्यांना फेंगशुईची राने म्हणतात आणि ती शंभराच्या वर आहेत. गावाच्या मागच्या उतारावर चंद्रकोरीच्या आकारात दाट झाडी असते. ती थंड वारा अडवते आणि पावसात उतारावरची माती धरून ठेवते. गावाचं भाग्य त्या झाडांत आहे या श्रद्धेपोटी त्यांना कुणी कुऱ्हाड लावत नसे. दुसऱ्या महायुद्धात जपानी अमलाखाली इथले डोंगर सरपणासाठी बोडके झाले, तरी यातली पुष्कळ राने टिकली.

लाय ची वो नावाचं हक्का या चिनी समाजाचं एक जुनं खेडं आहे, हाँगकाँगच्या ईशान्येच्या टोकाला, बोटीनं जाता येतं. तिथे एक मोठा कापराचा वृक्ष आहे, हाताच्या पाच बोटांसारख्या पाच फांद्यांचा. त्यातली एक जपानी सैनिकांनी तोडली आणि बाकीच्या गावकऱ्यांनी वाचवल्या, असं सांगतात. ते रान मी पाहिलं तेव्हा मला आपल्या कोकणातल्या देवरायाच आठवल्या. बाबा, तुम्ही मला लहानपणी देवराईत नेलं होतं आणि पडलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही म्हणून बजावलं होतं. तीच भावना इथेही आहे. झाडं जपण्यासाठी देवाची किंवा दैवाची भीती घालावी लागली, पण झाडं राहिली. मला हे फेंगशुईतलं सर्वांत सुंदर अंग वाटतं. आणि गंमत अशी की ते विकत मिळत नाही.

आता घरातल्या झाडांकडे येते. त्यांची तत्त्वंही पाचच आहेत, पण आपल्या पंचमहाभूतांपेक्षा वेगळी. काष्ठ, अग्नी, पृथ्वी, धातू आणि जल. आपल्याकडचे वायू आणि आकाश त्यात नाहीत. पाणी झाडाला वाढवतं, लाकूड अग्नीला पोसतं, धातू लाकूड कापतो आणि झाडाची मुळं मातीतला कस घेतात, अशी ती साखळी. झाड म्हणजे काष्ठ, म्हणून त्याच्या स्वतःच्या दिशा पूर्व आणि आग्नेय. उत्तर जलाची, दक्षिण अग्नीची, तिथेही झाड चालतं. पश्चिम आणि वायव्य धातूच्या. नैर्ऋत्य, ईशान्य आणि घराचा मध्य पृथ्वीचे, म्हणून तिथे झाडं कमी ठेवा असं सांगतात.

त्या गृहस्थांनी तुझ्या तुळशीला दोष दिला तो इथून. पण आई, आपल्या वास्तुशास्त्रात ईशान्य ही पाण्याची आणि देवाची जागा, आणि आग्नेय अग्नीची, स्वयंपाकघराची. दोन शास्त्रांचे नकाशे वेगवेगळ्या भूमीवर काढलेले आहेत. एकाचं अर्ध आणि दुसऱ्याचं अर्ध घेऊन घर मांडायला गेलं तर प्रत्येक कोपऱ्यात काही ना काही चुकतंच, आणि चुकलं की उपाय विकणारा दारात उभा असतो. तुळशीला रोज चार-सहा तास ऊन लागतं. आपल्या फ्लॅटमध्ये सकाळचं कोवळं ऊन येतं ते त्याच कोपऱ्यात. पश्चिमेच्या गॅलरीत सांगलीचं एप्रिल-मे महिन्यातलं दुपारचं ऊन ती सोसणार नाही. तुळस हलवू नकोस. जोडीला रोज संध्याकाळी तिथे दिवा लावायचं तुझं जे समाधान आहे, ते कुठल्याही होकायंत्रापेक्षा मला मोठं वाटतं.

खुद्द फेंगशुईवाल्यांतही एकमत नाही, हेही सांगून ठेवते. जुन्या परंपरेतले लोक लुओपान नावाचं होकायंत्र घेऊन घराच्या खऱ्या दिशा मोजतात, आणि होकायंत्र वापरणाऱ्यांतले काही जण संपत्तीची जागा आग्नेयेला धरतात. दुसरा पंथ लिन युन या चिनी गुरूंनी अमेरिकेत रुजवला, १९८६ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियात बर्कलीला मंदिर स्थापलं. त्या पद्धतीत होकायंत्रच नाही. दारातून आत पाहिलं की सर्वांत दूरचा डावा कोपरा तो संपत्तीचा, मग तो कुठल्याही दिशेला येवो. आपल्याकडच्या पुस्तकांत हे दोन्ही एकत्र कालवलेलं असतं, म्हणून एका पानावर एक आणि पुढच्या पानावर दुसरंच वाचायला मिळतं. तू गोंधळलीस यात तुझा काही दोष नाही.

कोरफडीचं तर मला खरंच वाईट वाटलं. टोकदार पानं, धारदार कोपरे माणसाच्या अंगावर रोखलेले नसावेत असं फेंगशुईत मानतात. इथल्या बँक ऑफ चायनाच्या १९९० साली उभ्या राहिलेल्या टोकदार इमारतीबद्दल लोक अजूनही बोलतात, तिच्या धारा शेजारच्यांवर रोखलेल्या आहेत म्हणून. म्हणून बसायच्या जागेजवळ, पलंगाजवळ निवडुंग ठेवत नाहीत. पण खिडकीत किंवा गॅलरीत, बाहेरच्या बाजूला काटेरी झाड ठेवलं तर ते घराची राखण करतं असं तेच लोक सांगतात. म्हणजे तुझी कोरफड त्यांच्याच नियमानं योग्य जागी आहे. शिवाय पोळलं-भाजलं की तू तिचाच गर लावतेस. काढू नकोस.

आता त्या लकी बांबूविषयी. तो बांबू नाहीच. ते ड्रसिना जातीचं झुडूप आहे, मूळचं मध्य आफ्रिकेतलं, कॅमेरूनच्या बाजूचं. तैवान आणि दक्षिण चीनमधले शेतकरी काड्या उजेडाच्या दिशेनं वळवून त्यांना पीळ देतात. तीन काड्या सुख, समृद्धी आणि दीर्घायुष्यासाठी, आठ भरभराटीसाठी, आणि चार कधीच नाही, कारण इथे चार हा आकडा मृत्यूचा मानतात. आठ काड्या घेतल्या काय आणि तीन घेतल्या काय, काळजी एकाच गोष्टीची घ्यायची, ती म्हणजे साठलेल्या पाण्याची. २००१ साली चीनमधून कॅलिफोर्नियात जहाजानं गेलेल्या लकी बांबूच्या पाण्यातून एडिस डास तिथे पोचले होते. डेंग्यू पसरवणारे ते हेच. घरात असा बांबू आणलाच तर पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण बदला आणि भांडं आतून घासून घ्या, कारण डासांची अंडी काठाला चिकटून राहतात. बाटलीतल्या मनीप्लांटलाही हेच लागू. बाबांना मागच्या पावसाळ्यात आलेला ताप आठवला की मला अजून धस्स होतं. नळाच्या पाण्यानं बांबूच्या पानांची टोकं करपली तर गाळलेलं पाणी घाला. कडक ऊन नको, खिडकीजवळचा उजेड पुरे.

मनीप्लांट मात्र मला फार आवडतो. तोही चीनचा नाही, प्रशांत महासागरातल्या मोरेया बेटावरचा. तुझा वेल मावशीकडून आणलेल्या एका फांदीचा, आणि आता त्यानं अर्धी भिंत व्यापली आहे. वेल वर चढावा, जमिनीकडे लोंबू नये असं सांगतात. वर चढवलास तर दिसायलाही छान आणि पायांतही येणार नाही. फक्त छोटू येईल तेव्हा त्याच्या हाताला पानं लागणार नाहीत एवढं बघ, चावलं तर तोंडाची आग होते.

नवं झाड घ्यायचंच असेल तर जेड घे. मूळचं दक्षिण आफ्रिकेचं, गोल मांसल पानांचं, इथे दुकानांच्या गल्ल्याजवळ हमखास दिसतं. गोल पानं नाण्यांसारखी म्हणून शुभ मानतात. तुमच्यासाठी ते चांगलं याचं कारण निराळं आहे, माती पूर्ण सुकल्याशिवाय पाणी घालावं लागत नाही. तुम्ही काकांकडे चार-आठ दिवस गेलात तरी ते टिकेल. एक पान गळून मातीवर पडलं तरी त्यातून नवं रोप फुटतं. पाच खोडं वेणीसारखी गुंफलेला पॅचिरा, इथे ज्याला पैशाचं झाड म्हणतात, तोही नर्सरीत मिळेल. तो मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेचा, आणि ती वेणी घालायची रीत तैवानमध्ये १९८०च्या दशकात सुरू झाली. पण तो उंच वाढतो आणि कुंडी जड होते. नको.

बाबा, झाडांनी घरातली हवा शुद्ध होते म्हणून तुम्ही आणखी दहा कुंड्या आणायच्या विचारात आहात असं आई म्हणाली. नासानं १९८९ मध्ये झाडांनी हवा शुद्ध होते का हे पाहायला जो प्रयोग केला होता, तो बंद पेटीत. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी हिशेब मांडला, तेव्हा साध्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील असं निघालं, काही ठिकाणी तर हजार. त्यापेक्षा सकाळी दोन खिडक्या समोरासमोर उघडा.

आणि आता ज्यासाठी खरं तर पत्र लिहायला घेतलं ते. फेंगशुईतला माझ्या मते सर्वांत शहाणा नियम दिशेचा नाहीच. घरात चैतन्य मोकळं फिरलं पाहिजे, दारात आणि वाटेत काही अडू नये, वाळलेली पानं आणि मेलेली झाडं घरात ठेवू नयेत, हा आहे. बेडरूमपासून बाथरूमपर्यंतच्या पॅसेजमध्ये स्नेक प्लांटच्या तीन उंच कुंड्या आहेत. बाबा रात्री दोनदा उठतात, चष्मा लावत नाहीत, दिवाही लावत नाहीत. आई, तुझा गुडघा धड वाकत नाही. खालच्या बशीतून पाणी फरशीवर येतं आणि ती फरशी गुळगुळीत आहे. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर किती महिने जातात हे आपण आजीच्या वेळी पाहिलंय. त्या तिन्ही कुंड्या हॉलच्या पूर्वेच्या खिडकीखाली न्या. पूर्व ही झाडाचीच दिशा, म्हणजे त्या सल्लागारांचंही समाधान होईल. टांगलेल्या कुंड्यांना पाणी घालायला स्टुलावर चढू नका. त्या खाली उतरवून कमरेच्या उंचीच्या टेबलावर ठेवा. पॅसेजमध्ये एक छोटा रात्रीचा दिवा लावा, मी पैसे पाठवते.

कुंड्या स्वतः उचलू नका. वॉचमनच्या मुलाला बोलवा, त्याला चहा आणि पन्नास रुपये द्या. मी दिवाळीला येताना इथून रोप आणणार नाही, जिवंत झाडं आणायला परवाने लागतात आणि विमानतळावर ती काढून घेतात. जेड आपल्या नर्सरीतूनच घ्या. शनिवारी व्हिडिओ कॉल करते, तेव्हा फोन घेऊन पॅसेजमधून चालून दाखवा. आधी आई, मग बाबा.

तुमची,
चिऊ