धाकट्याला ‘चुकलो’ म्हणायला लावू नका

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवाचं फोनवरचं बोलणं अर्धवटच राहिलं. आई, तुला रडू आलं आणि बाबा, तुम्ही ‘राहू दे आता’ म्हणून फोन ठेवलात. फोनवर हा विषय नीट निघतच नाही. मध्येच कुणाचा तरी आवाज चढतो, बहुतेक वेळा माझाच. म्हणून लिहायला बसले. दोघांनी वाचा, पण एकदम नको. आधी एकाने, मग दुसऱ्याने.

धाकट्याने लॅबमधून एक ओळ लिहून दिली, दादाची नोकरी गेली आणि दोघं बोलेनासे झाले. त्यावर आईचं म्हणणं साधं आहे. धाकट्याने दादासमोर एकदा ‘चुकलो’ म्हणावं, की विषय मिटला. एक शब्द टाकायला काय जातं? तुम्हा दोघांना वाटतं की त्याचा ताठा आड येतोय. मला तसं वाटत नाही. तुमच्या समाधानासाठी त्याने तो शब्द टाकलाच, तरी तो वरवरचा असेल, आणि ते दादाला तोंड बघूनच कळेल. धाकटा खोटं बोलायला लागला की आपल्या घरात सगळ्यात आधी दादाच ओळखतो.

काय झालं ते तुम्ही दोघांकडून तुकड्यातुकड्यांत ऐकलंय, तेही आपापल्या सोयीने. एकदा सलग सांगते.

स्लॅब टाकताना त्याच काँक्रीटचे 150 मिलिमीटरचे चौकोनी ठोकळे भरून ठेवतात. साइटवर त्यांना क्यूब म्हणतात. ते पाण्यात ठेवायचे आणि काही 7 दिवसांनी, काही 28 दिवसांनी मशीनखाली फोडून बघायचे, किती भार सोसतात ते. 28 दिवसांचा आकडा महत्त्वाचा. स्लॅब पास की नापास हे त्यावर ठरतं, आणि बिलही त्यावरच अडतं नाहीतर सुटतं. दादाकडे शाळेच्या इमारतीचं काम होतं. रजिस्टरचं ते पान मी पाहिलंय, आणि धाकट्याने नाही, दादानेच त्याची झेरॉक्स माझ्यापुढे आपटली होती. एका रकान्यात क्यूब भरल्याची तारीख. शेजारी ‘28 दिवस’ असं लिहून तीन आकडे, तिन्ही सुबक, तिन्ही एकाच पेनाने, कुठे खाडाखोड नाही. शेवटच्या रकान्यात दादाची सही आणि सहीची तारीख. दोन तारखांमध्ये अंतर 19 दिवसांचं.

28 दिवसांचा निकाल 19व्या दिवशी लिहून तयार. यात समजून घेण्यासारखं अवघड काही नाही.

दादाने सही का केली, तेही मला कळतं. वरून फोन आला होता. महिनाअखेरीस बिल गेलं नसतं तर मजुरांचा पगार अडला असता, आणि त्यातली बरीच माणसं ‘साहेब, तुमच्या शब्दावर आलोय’ म्हणत कामाला आली होती. काँक्रीट त्याच्या डोळ्यांदेखत ओतलं होतं, माल चांगला होता याची त्याला खात्री होती. बाबा, तुम्ही म्हणता त्याने कर्तव्य केलं. मी नाकारत नाही. धाकट्याच्या इंजिनिअरिंगची फी याच नोकरीतून गेली. दादाने ते कधीही बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवतो ते आपण बाकीचे.

आता धाकट्याची बाजू. बिलाला जो टेस्ट रिपोर्ट जोडला होता, त्यावर तो काम करतो त्या तपासणी लॅबचं नाव होतं. लॅबच्या आवक वहीत त्या क्यूबची नोंदच नव्हती, कारण ते तिथे कधी पोचलेच नव्हते. आणि हे तो उकरायला गेला नव्हता. ‘हा रिपोर्ट आपलाच आहे ना, लेखी कळवा’ असं पत्र त्याच्या टेबलावर आलं. तुम्ही दोघं म्हणता, गप्प बसायचं होतं. गप्प बसायची सोयच नव्हती. ‘हो’ लिहायचं किंवा ‘नाही’ लिहायचं, आणि खाली स्वतःची सही करायची. म्हणजे एका घरातल्या दोन भावांपुढे तोच कागद सहीला आला, एकाकडे साइटवर आणि एकाकडे लॅबमध्ये.

तो आधी दादाकडे गेला होता, हे आईला माहीत आहे. बाबांना बहुतेक नसावं. ‘तू स्वतः सांग, मी तोवर उत्तर देत नाही,’ असं म्हणाला. दादा म्हणाला, बिल सुटू दे, मग बघू. धाकटा थांबला. बिल सुटलं नाही, लॅबमधून तगादा सुरू झाला, आणि शेवटी त्याने लिहून दिलं की असे क्यूब आमच्याकडे आलेले नाहीत. एक ओळ. त्यात दादाचं नावसुद्धा नाही.

पुढे चौकशी बसली. स्लॅबला भोकं पाडून काँक्रीटचे गोल तुकडे काढले, त्यांना कोअर म्हणतात. ठरलेल्या ताकदीच्या सरासरी 85 टक्के भरली आणि एकही कोअर 75 टक्क्यांच्या खाली गेला नाही, तर काँक्रीट चालतं. इथे चाललं. इमारत उभी आहे, वर्ग भरताहेत. नोकरी गेली ती दादाची. ज्यांनी फोनवर सांगितलं त्यांची सही कुठेच नव्हती, त्यामुळे ते जागच्या जागी आहेत. याचा संताप मला आहे, आणि तुम्हाला खरं वाटणार नाही, पण धाकट्याला माझ्याहून जास्त आहे.

बाबा, तुम्ही प्रत्येक वेळी इथेच येऊन थांबता: ‘स्लॅब पास झाला ना? मग एवढं करून मिळवलं काय?’ दादाही आता हेच म्हणतो. मला सांगा, कोअर नापास झाले असते तर तुम्ही दादाला धाकट्याचे पाय धरायला लावले असते का? नसते लावले, आणि लावूही नये. कोअरचा निकाल नंतर कित्येक आठवड्यांनी आला. सहीच्या दिवशी तो दादाला ठाऊक नव्हता, उत्तर लिहिताना धाकट्याला ठाऊक नव्हता. त्या दिवशी हातात काय होतं? कुणीही न फोडलेले क्यूब आणि वर मुलं बसणार असलेला स्लॅब. त्यावरून काय ते ठरवा. स्लॅब चांगला निघाला याचा मला आनंदच आहे, पण रजिस्टरचं पान त्यामुळे खरं झालं नाही.

तुम्ही महाभारतातल्या विकर्णाचं, दुर्योधनाच्या भावाचं, उदाहरण देता. भर सभेत एकटा उभा राहून द्रौपदी जिंकली गेलेलीच नाही असं म्हणाला, कर्णाने त्याला पोरकट ठरवलं, आणि तरीही युद्धात तो भावांच्याच बाजूने लढला. ‘मत वेगळं असावं, पण माणसाने घर सोडू नये,’ हे तुमचं वाक्य मला पाठ आहे. पण विकर्ण भीमाच्या हातून मारला गेला, आणि भीमालाच त्याचं वाईट वाटलं. दुर्योधनाचा एक भाऊ आणखी होता, युयुत्सु, दासीचा मुलगा म्हणून मोजणीत न धरलेला. युधिष्ठिराने युद्धाच्या तोंडावर हाक दिली तेव्हा तो पलीकडे गेला. घरभेदी म्हणायला तोही मोकळाच. धृतराष्ट्र वनात मरण पावल्यावर त्याला पाणी द्यायला मुलांपैकी उरला होता तो तोच. बाबा, हे मी टोमणा म्हणून लिहीत नाहीये. विकर्णही मला आवडतो. पण दोघांतला एकच शहाणा, असं त्या गोष्टीतही म्हटलेलं मला आढळलं नाही.

या प्रकरणानंतर मी अशा भावांबद्दल मिळेल ते वाचत सुटले होते. त्यातले अमेरिकेतले काझिन्स्की बंधू डोक्यातून जात नाहीत. थोरला टेड, गणिताचा प्राध्यापक होता, नोकरी सोडून माँटानातल्या जंगलात खोपटं बांधून राहिला. 1978 ते 1995 या काळात पोस्टाने आणि इतर मार्गांनी बॉम्ब पाठवणारा, तीन माणसं मारणारा आणि तेवीस जखमी करणारा माणूस तोच, हे कुणालाच माहीत नव्हतं. सप्टेंबर 1995 मध्ये त्या अज्ञात माणसाचा पस्तीस हजार शब्दांचा निबंध वर्तमानपत्रात छापून आला. धाकट्या डेव्हिडच्या बायकोला आधीच शंका होती. डेव्हिडने वाचला आणि त्याला भावाची भाषा ओळखू आली. सांगावं तर भावाला फाशी होऊ शकते; न सांगावं तर पुढचा बॉम्ब कुणाच्या तरी हातात फुटेल. त्याने सांगितलं. एप्रिल 1996 मध्ये टेड पकडला गेला.

तुमची गोष्ट इतकी भयानक नाही, दादा काही टेड नाही, उगीच मनाला लावून घेऊ नका. मला आठवत राहते ती त्यांची आई, वांडा. एका मुलाने दुसऱ्याला पकडून दिलंय हे तिला डेव्हिडनेच सांगितलं. डेव्हिडने नंतर सांगितलंय की तिने त्याला जवळ घेतलं. त्याने हे वाटेल तसं केलं नसणार, करावंच लागलं म्हणून केलं असणार, असं ती म्हणाली. तिने त्याला माफी मागायला लावलं नाही, आणि टेडला टाकलंही नाही. टेडला फाशी होऊ नये म्हणून दोघंही झटली. 1998 मध्ये टेडने गुन्हा कबूल केला आणि जन्मठेपेवर निभावलं. डेव्हिड त्याला पत्रं लिहीत राहिला, टेडने उत्तर दिलं नाही. 2023 मध्ये टेड तुरुंगातच वारला. म्हणजे आईने सगळं जमेल तितकं नीट केलं, तरी भाऊ एकत्र आले नाहीत. हे मी मुद्दाम लिहिते आहे, नाहीतर तुम्हाला वाटेल मी काहीतरी औषध सांगते आहे.

नेमकं उलटं वागणारा भाऊही त्याच काळात त्याच देशात होता. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या विधिमंडळातल्या सिनेटचा अध्यक्ष विल्यम बल्जर. त्याचा भाऊ जेम्स टोळीचा म्होरक्या होता. 1995 मध्ये फरार असताना त्याने विल्यमला फोन केला, आणि विल्यमने पोलिसांना काही सांगितलं नाही. 2003 मध्ये संसदेच्या समितीपुढे त्याला याबद्दल उत्तरं द्यावी लागली, आणि त्याच वर्षी नंतर मिळालेलं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचं अध्यक्षपद सोडावं लागलं. भाऊ 2011 मध्ये सापडला. गप्प राहण्याचीही किंमत असते, ती फक्त उशिरा आणि हप्त्याहप्त्याने जाते.

असो. डेव्हिडबद्दलच्या एका गोष्टीने माझे डोळे उघडले. तुझं नाव बाहेर येणार नाही असा शब्द त्याला तपास करणाऱ्यांनी दिला होता, आणि तो पाळला गेला नाही. आपल्याकडेही गाठ तिथेच आहे. दादा माझ्याशी दोन तास बोलला त्यात नोकरीबद्दल जेमतेम दहा मिनिटं बोलला. बाकी सगळा वेळ एकच: चौकशीच्या खोलीत परक्या माणसाने फाइल उलटून त्याच्यापुढे केली, आणि खाली धाकट्याची सही. आदल्या रात्री दोघं फोनवर क्रिकेटबद्दल बोलले होते. धाकट्याला लॅबने सक्त सांगितलं होतं, चौकशी होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. त्याने ते पाळलं. नियमाप्रमाणे बरोबर. पण माझ्या मते त्या रात्री त्याने ‘दादा, मी उत्तर दिलंय, तुला उद्या कळेल’ एवढं म्हणायला हवं होतं. त्याने कुठल्याही चौकशीचं काही बिघडलं नसतं. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, ‘त्याबद्दल मी कधीही बोलेन त्याच्याशी, पण आई-बाबांनी बसवलेल्या बैठकीत नाही. तिथे ते चुकलोच्या खात्यात जमा होईल.’ मला ते पटलं.

म्हणून बाबा, तुमच्या वाढदिवसाला दोघांना न सांगता एकाच वेळी बोलवायचा जो बेत आहे, तो सोडा. दादाला एकदा कळलंय की घरचे लोक त्याच्या पाठीमागे काही ठरवतात. पुन्हा नको. बोलवायचं तर दोघांना बोलवा, आणि प्रत्येकाला स्पष्ट सांगा की दुसऱ्यालाही बोलावणं आहे. एक आला आणि एक नाही, तर जो आला त्याच्यापुढे जो नाही त्याच्याबद्दल बोलायचं नाही. आई, हे जास्त तुझ्यासाठी.

आणि निरोप पोचवणं मी बंद करते आहे. ‘दादाला सांग’, ‘धाकट्याला विचार’, हे माझ्याकडे देऊ नका. दोघांचे नंबर तुमच्याकडे आहेत. दादाने नोकरीबद्दल अपील करायचं ठरवलंय. ज्यांनी तोंडी सांगितलं त्यांची नावं तो या वेळी लिहून देणार आहे. धाकट्याने त्याच्या बाजूने लागेल तो कागद द्यायची तयारी दाखवली आहे, वकिलामार्फत. दोघं अजून एकमेकांशी बोलत नाहीत, पण कागद जाऊ-येऊ लागलेत. यावर आनंदाने कुणालाही फोन करू नका, प्लीज. लक्ष नसल्यासारखं करा.

बाबा, बीपीची गोळी चुकवू नका. मी महिनाअखेरीस येते आहे, एकटीच.

तुमची लेक

ता. क. – आई, दादाचा फोन आला की तू स्पीकर लावतेस. बाबांचा खोकला त्याला ऐकू येतो, आणि मग तो काहीच बोलत नाही.